मेम्फिसची बील स्ट्रीट: आईबाबांना घेऊन गाणं आणि खाणं कसं जमवावं?

सायली_न

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला राहतो. आईबाबा सध्या आमच्याकडे आलेत आणि पुढच्या महिन्यात शुक्रवार ते रविवार त्यांना मेम्फिसला न्यायचं ठरतंय. बाबा हार्मोनियम वाजवतात. गाणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. यूट्यूबवर बी. बी. किंग (ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, गाणारे आणि गिटार वाजवणारे) ऐकायला लागल्यापासून त्यांनी बील स्ट्रीटचा, म्हणजे मेम्फिसमधल्या ब्लूज क्लबांच्या रस्त्याचा, ध्यास घेतलाय.

इथल्या ब्रॉडवेवर, म्हणजे नॅशव्हिलच्या गाण्याच्या क्लबांच्या रस्त्यावर, त्यांना एकदा नेलं होतं. प्रत्येक दारातून वेगळं गाणं, तेही कानठळ्या बसतील असं. आईचं डोकं धरलं आणि बाबा "यातलं कुठलं ऐकू?" असं विचारत अर्ध्या तासात गाडीकडे निघाले. बील स्ट्रीटही तशीच असेल का? माझ्या वाचनात आलं ते असं, की ती जुनी वस्ती पार मोडकळीला आली होती आणि नंतर शहरानं ती नव्यानं उभी केली. म्हणजे आता तिथे सगळं पर्यटकांसाठी मांडलेलंच असणार, अशी धास्ती वाटते.

दुसरा प्रश्न खाण्याचा. मी आणि नवरा सगळं खातो. आईबाबा शाकाहारी आहेत, अंडं चालतं. मेम्फिस म्हणजे बार्बेक्यू, तेव्हा त्यांच्या ताटात काय पडणार? आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

'पाहण्यासारखी ठिकाणं' छापाच्या याद्या नेटवर ढिगानं आहेत. किती वाजता जावं, कुठे बसावं, कशाच्या नादी लागू नये, हे तिथे राहिलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

खादाड_विनू

मोबाईलवरून टंकतोय, म्हणून थोडक्यात. नक्की जा. बार्बेक्यूबद्दल रात्री घरी गेल्यावर नीट लिहितो, विषय मोठा आहे. एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो: दक्षिणेकडच्या राज्यांत ताटात पालेभाजी दिसली म्हणून ती शाकाहारी आहे असं धरून चालू नका.

तालमणी

सायली, तुझ्या बाबांसारख्या माणसाला तिथे न्यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मेम्फिसला बरीच वर्षं काढली. तबला शिकलेला असल्यामुळे तिथे माझा कान आधी गेला तो ड्रमवाल्याच्या उजव्या हाताकडे. ब्लूजमध्ये 'शफल' नावाची एक चाल असते. चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे तीन भाग. मधला भाग गाळायचा, पहिला आणि तिसरा वाजवायचा. कागदावर एवढंच. पण वाजवणारा मुरलेला असला की तो तिसरा ठोका किंचित रेंगाळतो आणि सगळी खोली त्या झुलण्यावर येते. रेकॉर्डिंगमध्ये हे निम्मंच पोहोचतं. चार हातांवर बसून ऐकलं की कळतं. लयीत मुरलेल्या माणसाला ते पकडायला पाच मिनिटं पुरतात.

आता तुझा प्रश्न. शनिवारी रात्री दहाला गेलात तर बील स्ट्रीट ब्रॉडवेसारखीच वाटेल. निऑनच्या पाट्या, लोकांच्या हातात प्लास्टिकचे मोठाले पेले (इथे रस्त्यावर पेला घेऊन फिरायला परवानगी आहे), दारादारांतून एकमेकांवर आदळणारे आवाज. तेव्हा वेळच बदला. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास पोहोचा. उजेड असतो, दुकानं उघडी असतात, रस्ता मोकळा असतो आणि आईंना सावकाश चालता येतं. पूर्ण रस्ता नदीपासून बराच लांब पूर्वेकडे जातो, पण आपल्याला फिरायचा भाग सेकंड स्ट्रीट ते फोर्थ स्ट्रीट एवढाच.

सुरुवात फोर्थच्या टोकाकडून करा. तिथे डब्ल्यू. सी. हँडी यांचं लहानसं लाकडी घर आहे. हँडी १९०९ मध्ये मेम्फिसला आले आणि १९१२ मध्ये त्यांचं 'मेम्फिस ब्लूज' छापून निघालं. त्यांना ब्लूजचे जनक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण शेतांत, रेल्वेच्या फलाटांवर हे गाणं त्यांच्या आधीपासून गायलं जात होतं. ते कान देऊन ऐकलं, नोटेशनमध्ये उतरवलं आणि जगापुढे ठेवलं, हे त्यांचं काम, आणि ते थोडं नाही. हे घर मूळचं या जागेवरचं नाही. ते दुसऱ्या वस्तीत होतं, तिथून उचलून इथे आणून ठेवलंय. हे बाबांना आधीच सांग. बील स्ट्रीटवर मूळचं काय आणि आणून मांडलेलं काय, हे बघायची नजर तिथपासूनच तयार होते.

पुढे आलात की गॅलिना बिल्डिंग लागेल, १८९१ ची. समोरून विटांचं देखणं काम आहे. जरा थांबून वरच्या खिडक्यांतून आत बघा. आत खोल्या नाहीत, मागचं आभाळ दिसतं. इमारत गेली, नुसती दर्शनी भिंत राहिली, आणि ती कोसळू नये म्हणून लोखंडी तुळयांचा टेकू दिलाय. मागच्या मोकळ्या अंगणात एक पब चालतो, तिथे बकऱ्यासुद्धा पाळल्या आहेत. येणारे जाणारे बकऱ्यांचे फोटो काढतात. मी पाहुण्यांना तुळया दाखवायचो.

त्या तुळयांमागे जे घडलं ते कळल्याशिवाय या रस्त्याचा काहीच उलगडा होत नाही. १८७८ मध्ये पिवळ्या तापाच्या साथीनं मेम्फिस ओस पडलं. ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले, जमिनींचे भाव बसले. तेव्हा रॉबर्ट चर्च नावाच्या माणसानं इथे जमिनी घेतल्या. जन्मानं गुलाम असलेला हा माणूस पुढे दक्षिणेतला पहिला कृष्णवर्णीय लक्षाधीश म्हणून ओळखला गेला. शहरातल्या बागा कृष्णवर्णीयांना बंद होत्या, म्हणून १८९९ मध्ये त्यानं बीलवर स्वतःच्या पैशानं बाग आणि सभागृह बांधलं. पत्रकार आयडा बी. वेल्स यांचं वृत्तपत्र सुरुवातीला याच रस्त्यावरच्या चर्चमधून निघायचं. त्यांनी लिंचिंगविरुद्ध लिहिलं, तेव्हा १८९२ मध्ये जमावानं त्यांचं कार्यालय उद्ध्वस्त केलं. म्हणजे हा रस्ता नुसता नाचगाण्याचा कधीच नव्हता. दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, बँका, वृत्तपत्रं, आणि रात्री गाणं, असं एका समाजाचं अख्खं गाव इथे नांदत होतं.

मार्च १९६८ मध्ये सफाई कामगारांचा मोर्चा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह याच रस्त्यानं गेला. मोर्चात दंगल उसळली, दुकानांच्या काचा फुटल्या. ४ एप्रिलला इथून जवळच लोरेन मोटेलच्या सज्जात किंग यांची हत्या झाली. पुढच्या काही वर्षांत 'अर्बन रिन्यूअल'च्या (शहराच्या नूतनीकरणाच्या) नावाखाली बीलच्या आजूबाजूची घरं आणि दुकानं सपाट झाली. बील स्ट्रीट १९६६ मध्येच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली होती, म्हणून ही चिंचोळी पट्टी उरली. पण रोज संध्याकाळी पायी येणारं गिऱ्हाईक ज्या घरांत राहत होतं ती घरंच गेली. बरीच वर्षं इथल्या दारं-खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. १९७७ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं या रस्त्याला 'ब्लूजचं माहेरघर' असा किताब दिला, तेव्हा इथे गाणं जवळजवळ बंद पडलेलं होतं. नव्यानं उघडला तो १९८३ मध्ये. आज दिसतो तो रस्ता तेव्हापासूनचा.

मूळच्या दुकानांपैकी एकच टिकलंय, ए. श्वाब. १८७६ मध्ये श्वाब कुटुंबानं सुरू केलेलं दुकान. जुन्या लाकडी टेबलांवर टोप्या, सस्पेंडर, साबण आणि जादूटोण्याच्या पुड्यांपर्यंत काय वाटेल ते मांडलेलं असतं. आईंना इथे बसवा, सोडा फाउंटन आहे. संध्याकाळ होईपर्यंत वेळ मजेत जातो.

आता गाणं. संध्याकाळी लवकर जेवून घ्या आणि एक खोली निवडा. एकच. या दारातून त्या दारात फिरत राहिलात की ब्रॉडवेचाच अनुभव येणार. माझी शिफारस 'ब्लूज हॉल', रम बूगी कॅफेच्या शेजारी. जागा लहान आणि जुनाट आहे, सजावट अशी काही नाही, आणि वाजवणारे अगदी समोर. रम बूगी मोठं आहे, छताला कलाकारांच्या सह्या असलेल्या गिटारी टांगलेल्या आहेत, बँडही तगडा असतो, पण आवाज जास्त. पहिल्या सेटला, म्हणजे बँड सलग वाजवतो त्या पहिल्या भागाला, जा. किती वाजता सुरू होणार आणि कोण वाजवणार हे त्याच दिवशी दुपारी दारावर विचारा, मुलं आनंदानं सांगतात. कोपऱ्यात, स्पीकरच्या तोंडासमोर येणार नाही अशी जागा धरा. आईंसाठी फोमचे कानातले बोळे खिशात असू द्या.

बाबांना एवढं सांगून ठेव: ब्लूजचं आवर्तन बारा मापांचं असतं, एक माप म्हणजे चार मात्रा. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार मापं, त्यातल्या साधारण निम्म्यात शब्द, उरलेल्यात वाद्य. बैठकीत गायकानं एखादी जागा घेतली की हार्मोनियमवाला ती मागून कशी घेतो, तसं इथे गिटार गळ्याच्या मागून बोलतं. बी. बी. किंग तर गाताना गिटार थांबवायचे आणि ओळ संपली की तिला बोलू द्यायचे. बारा मापं पुरी होऊन पुढच्या पहिल्यावर सगळे एकत्र येतात, ती त्यांची सम. दोन आवर्तनं मोजली की बाबा तिसऱ्या समेला मान डोलावणार, आणि वादकांच्या ते लक्षात येतं. समजून ऐकणारा म्हातारा माणूस पुढ्यात बसलाय म्हटल्यावर ते त्याच्यासाठी वाजवतात. हे मी पाहिलेलं आहे.

सेट संपता संपता एकजण बादली घेऊन टेबलांमधून फिरतो. माणशी पाच डॉलर तरी टाका, गाणं आवडलं तर जास्त. नाणी नकोत, सुट्ट्या नोटा आधीच काढून ठेवा. बऱ्याच वादकांची त्या रात्रीची कमाई त्या बादलीवरच ठरते.

नीलाक्षी

तालमणी, प्रतिसाद फार आवडला, तरी माझी सहमती अर्धीच. मी शहररचना शिकते आणि अभ्यासासाठी मेम्फिसला राहिले आहे.

तुम्ही स्वतःच लिहिलंत की भोवतालची वस्ती पाडली आणि भिंतींना टेकू दिला. मग सायलीच्या बाबांनी आपली एकुलती शुक्रवारची संध्याकाळ तिथेच का घालवावी? ज्या लोकांनी ते गाणं घडवलं त्यांची घरं पाडायची, आणि वर त्याच गाण्याच्या नावानं पेले विकायचे, याला मी पुनरुज्जीवन म्हणायला तयार नाही.

क्रॉसटाऊन कॉनकोर्स बघा. १९२७ साली बांधलेली सीअर्स कंपनीची अवाढव्य इमारत, पोस्टानं मागवलेला माल इथून रवाना व्हायचा. क्षेत्रफळ सुमारे १५ लाख चौरस फूट. १९९३ मध्ये बंद पडली आणि दोन तपं रिकामी उभी राहिली. २०१७ मध्ये उघडली ती नुसती खाण्यापिण्यासाठी नाही. आत दवाखाना आहे, शाळा आहे, लोक राहतात, चित्रकारांना काम करायला जागा आहे. डॉक्टरकडे आलेली आजी आणि शाळेतून सुटलेली मुलं एकाच जिन्यानं ये-जा करतात. ती वर्दळ रोजची आणि गावाची स्वतःची आहे.

तिथे 'ग्रीन रूम' नावाची लहानशी मैफलीची जागा आहे. खुर्च्या मांडलेल्या, दिवे मंद, लोक गप्पा न मारता ऐकतात. जॅझ असतं, इतरही बरंच काही असतं. तिकीट आधी काढावं लागतं. आईंच्या डोक्याचा विचार केला तर मी पहिली पसंती याला देईन. इमारतीला लिफ्ट आहे, खायला तीन-चार प्रकारची ठिकाणं आहेत आणि शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही.

आणि स्टॅक्स चुकवू नका. सोल संगीताचा (ब्लूज आणि चर्चमधल्या गाण्यातून आलेल्या संगीताचा) हा स्टुडिओ जुन्या सिनेमा थिएटरात होता. मूळ वास्तू १९८९ मध्ये पाडली आणि त्याच जागी २००३ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. मला तिथली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती शेजारची संगीत अकादमी. त्याच वस्तीतली मुलं तिथे शिकतात.

तालमणी

नीलाक्षी, घरं पाडली याबद्दल आपलं दुमत नाही. ग्रीन रूमबद्दलही अनुमोदन. सायली, शनिवारची रात्र तिकडे ठेवा, माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

पण बील स्ट्रीट वगळायला मी तयार नाही आणि त्याचं कारण तिथले वादक. आठवड्याच्या बहुतेक रात्री एका रस्त्यावर इतक्या बँडना काम मिळतं, अशी जागा त्या शहरात दुसरी नाही. स्टॅक्सच्या शेजारी शिकलेली मुलं उद्या वाजवायला कुठे जाणार? त्यातली काही इथेच येतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मिसिसिपीतून आलेला रायली किंग नावाचा तरुण याच रस्त्यावरच्या पॅलेस थिएटरात हौशी कलाकारांच्या रात्री गायला. डब्ल्यूडीआयए रेडिओवर त्याला 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' म्हणायला लागले, त्याचंच पुढे बी. बी. झालं. पॅलेस पाडलं गेलं. पण २०१५ मध्ये बी. बी. गेले तेव्हा त्यांची अंत्ययात्रा बील स्ट्रीटवरूनच निघाली आणि लोक दुतर्फा उभे होते. ज्या रस्त्यावरून आपल्या माणसाला शेवटचं न्यावंसं गावाला वाटतं, तो रस्ता नुसता देखावा म्हणता येणार नाही.

दर वर्षी जानेवारीच्या सुमारास इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज होतं. देशोदेशीचे बँड येतात आणि याच लहानमोठ्या क्लबांमधून वाजवतात. सायली, पुन्हा कधी यायचं झालं तर तो आठवडा धर.

नीलाक्षी, तुझा तुळयांचा मुद्दा मात्र मी उलटा वाचतो. त्यांनी तो टेकू झाकलेला नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतो.

नीलाक्षी

दिसतो, पण सांगत कुणी नाही. हे सगळं लिहिलेला फलक गॅलिनासमोर असायला हवा होता. जाऊ दे, बाबांना तुम्ही सांगितलंत हे उत्तम झालं.

एक भर घालते. बील स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला मिसिसिपी नदी आहे आणि काठाला टॉम ली पार्क. टॉम ली हा नदीवर काम करणारा कृष्णवर्णीय मजूर. १९२५ मध्ये एक आगबोट उलटली तेव्हा त्यानं आपल्या लहानशा होडीतून ३२ जणांना वाचवलं. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं. सूर्यास्ताला गाडीनं तिथे जा, म्हणजे आईंना चालायला लागणार नाही. बसायला भरपूर जागा आहे.

खादाड_विनू

आलो. आधी मांसाहारींसाठी.

मेम्फिसमध्ये बार्बेक्यू म्हणजे डुक्कर. रिब्ज (बरगड्या) दोन तऱ्हेच्या: 'वेट' म्हणजे सॉस लावून भाजलेल्या, 'ड्राय' म्हणजे नुसता कोरडा मसाला चोळलेल्या. ड्राय खायच्या तर रँदेव्हू. १९४८ पासूनची जागा, पीबडी हॉटेलच्या समोरच्या गल्लीत शिरून जिन्यानं तळघरात उतरायचं. मूळ मालक ग्रीक घराण्यातले, त्यामुळे मसाल्याला तिकडचा वास आहे: ओरेगॅनो, लसूण, पेपरिका. इतरत्र मांस मंद धुरात तासन्‌तास ठेवतात, हे लोक कोळशाच्या धगीवर भाजतात. हाडाला मांस चिकटून राहतं, ओढून तोडावं लागतं, आणि वरचा मसाला दातांखाली कुरकुरतो. मला हेच आवडतं. लुसलुशीत हवं असेल त्यांनी वेट घ्यावं. सायली, जिन्याचं मात्र लक्षात ठेव, आईंच्या गुडघ्यांना ते सोयीचं नाही.

पुल्ड पोर्क सँडविचमध्ये कोबीची कोशिंबीर पावाच्या आतच घालतात, ती बाजूला काढू नका. आणि बार्बेक्यू स्पॅगेटी नावाचा प्रकार एकदा खाऊन बघा. ऐकायला विचित्र, चवीला झकास.

आता शाकाहाराचं. इथली 'ग्रीन्स' म्हणजे कोलार्ड किंवा टर्निपचा पाला. दिसायला आपल्या पातळ भाजीसारखा, पण शिजवताना त्यात बहुतेक ठिकाणी डुकराचं हाड किंवा टर्कीची मान टाकलेली असते. फरसबी, बेक्ड बीन्स, काळ्या डोळ्याची चवळी, सगळ्यांची तीच गत. 'यात मांस आहे का' असं विचारलं तर वाढपी प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण तुकडे दिसत नाहीत. म्हणून विचारायचं असं: "शिजवताना यात पोर्क किंवा टर्की घालता का? पाणी कुठल्या स्टॉकचं आहे?" मग खरं उत्तर मिळतं. कॉर्नब्रेडमध्येही चरबी असू शकते, तेही विचारा.

तळलेले हिरवे टोमॅटो, मॅक अँड चीज, रताळं, कोलस्लॉ, याम हे बहुधा चालतं, पण तळणीच्या तेलात मासा किंवा कोंबडी तळतात का हे आईबाबांना महत्त्वाचं असेल तर टोमॅटोबद्दलही चौकशी करा. बील स्ट्रीटवर बहुतेक मेन्यू मांसाहारी. मी तर म्हणेन, आईबाबांचं जेवण क्रॉसटाऊनला किंवा ओव्हरटन स्क्वेअरला करा आणि बीलवर नुसतं काहीतरी पेय घेऊन बसा. ओव्हरटन स्क्वेअर हाही १९७० च्या दशकात गाजलेला, मग मरगळलेला आणि आता पुन्हा भरात आलेला भाग. तिथे लाफायेट्स म्युझिक रूममध्ये जेवता जेवता बँड ऐकता येतो. वरच्या सज्जात टेबल मागा, आवाज थोडा सौम्य लागतो.

सायली_न

सगळ्यांचे किती आभार मानू! बाबांना प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. ते आत्ताच टेबलावर बोटांनी बारा मापं मोजतायत आणि "मधला गाळायचा म्हणजे दादऱ्यातली मधली मात्रा खाल्ल्यासारखं का?" असं तालमणींना विचारायला सांगतायत.

आणखी दोन शंका. रात्री तिथून गाडीपर्यंत यायला भीती नाही ना? आणि रविवारी सकाळी निघण्याआधी काही ऐकण्यासारखं असतं का? बार सोडून.

तालमणी

बाबांना सांग, अगदी तसंच, फक्त प्रत्येक मात्रेच्या पोटात.

गाडी बीलच्या शक्य तितक्या जवळच्या पार्किंग गॅरेजमध्ये लावा. रस्त्यावर लांब कुठेतरी फुकटात लावू नका. सीटवर पिशवी, चार्जर, काहीही दिसू देऊ नका, गाड्यांच्या काचा फोडण्याचे प्रकार त्या शहरात होतात. शुक्रवार-शनिवारच्या रात्री रस्ता वाहनांना बंद असतो, तोंडावर तपासणी असते आणि उशिरा वयाची अट लागू होते, तेव्हा ओळखपत्रं जवळ हवीत, आईबाबांचे पासपोर्टसुद्धा. तुम्ही पहिल्या सेटनंतर नऊ-साडेनऊला उठणार, तेव्हा भरपूर माणसं असतात. रेंगाळू नका, थेट गाडी गाठा.

रविवारी सकाळी चर्च. सोल गायक अल ग्रीन यांनी १९७६ मध्ये मेम्फिसला फुल गॉस्पेल टॅबरनॅकल सुरू केलं. ते स्वतः दर रविवारी असतीलच असं नाही. ते नसले तरी ऑर्गन, ड्रम आणि गाणारी मंडळी असतात, आणि बीलवर शुक्रवारी रात्री ऐकलेलं सगळं तिथे देवासमोर ऐकायला मिळतं. ऑर्गनवाल्याकडे बाबांनी नीट बघावं. उपदेश करणाऱ्याचा आवाज चढायला लागला की तो एकेक सुरानं त्याला वर उचलत नेतो, आणि बोलण्याचं गाणं कुठे झालं ते सांगता येत नाही.

बाहेरच्यांना अटकाव नाही, पण ती लोकांची प्रार्थना आहे. कपडे नीटनेटके घाला, मागच्या बाकांवर बसा, फोन काढू नका, रेकॉर्डिंग तर मुळीच नको. तबक फिरलं की त्यात पैसे टाका. दोन गाणी ऐकून मध्येच उठून जाऊ नका. प्रार्थना लांबते, दोन तास धरून चाला, आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा.

तिथून नॅशव्हिलला निघायच्या आधी जेवायचं असेल तर स्टॅक्सच्या जवळ 'द फोर वे' आहे, १९४६ पासूनचं सोल फूड, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं घरगुती पद्धतीचं जेवण. डॉ. किंग इथे जेवायचे. रविवारी चर्च सुटल्यावर रांग असते. आईंना गाडीतच बसू दे, तुम्ही रांगेत उभे राहा आणि आत गेल्यावर विनूचे प्रश्न विचारा.

खादाड_विनू

फोर वेला लेमन मेरिंग पाय शिल्लक असेल तर तो आधी मागून ठेवा. जेवण होईपर्यंत संपतो.